पगाराच्या स्लिपवर न दिसणारे अठराशे

(शिरोळ इथे नोकरीला लागलेल्या आणि लागू पाहणाऱ्या तरुणांसमोर केलेलं भाषण)



माझे अब्बा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. आठवड्याचा हिशेब मालकाच्या वहीत आणि पैसे रोख हातात. पगाराची स्लिप नावाचा कागद आमच्या घरात माझ्यामुळे पहिल्यांदा आला. २०१५ साली पुण्यात नोकरी लागली, पहिली स्लिप अब्बांना दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "हे अठराशे कुणी कापले?" मी इंजिनिअर झालेला पोरगा, पण मला सांगता आलं नाही. "पीएफ आहे, सगळ्यांचा कापतात," म्हणून वेळ मारून नेली.

त्यांना द्यायला हवं होतं ते उत्तर आज तुम्हाला देतो.

बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरा. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये तुमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीत जातात. तेवढेच १,८०० कंपनी घालते. हे दुसरे अठराशे स्लिपवर बहुतेक वेळा दिसत नाहीत, ते ऑफर लेटरमधल्या सीटीसीच्या आकड्यात धरलेले असतात. त्यामुळे पोरं म्हणतात, "पीएफ दोनदा कापला." दोनदा कापलेला नाही, दोघांनी मिळून भरलेला आहे. कंपनीच्या अठराशेचे पुन्हा दोन भाग होतात. १,२५० जातात पेन्शन योजनेत, उरलेले ५५० तुमच्या पीएफ खात्यात. म्हणजे महिन्याला खात्यात २,३५० आणि पेन्शनला १,२५०. प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे वेगळे. ते राज्य सरकारला जातात, फेब्रुवारीत तीनशे होतात, त्याने घाबरू नका.

या १,२५० रुपयांशी मी काय केलं ते ऐका.

२०१९ च्या जुलैमध्ये माझी नोकरी गेली. ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला. शिरोळला तो पूर सांगायची गरज नाही, तुमच्यापैकी कित्येकांनी खांद्यावरून सामान काढलंय. आमच्या घराची मागची भिंत बसली. मी दोन महिने घरी होतो, हातात काम नाही. पीएफ पूर्ण काढला, आणि सोबत पेन्शनचाही फॉर्म भरून तेही पैसे काढले. भिंत उभी राहिली, त्याचं दुःख नाही. पण तीन गोष्टी मला नंतर कळल्या. पहिली, सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, म्हणून माझ्या रकमेतून दहा टक्के आधीच कापून आले. दुसरी, महिनाभर बेकार असलं की ७५ टक्के काढून खातं चालू ठेवायची सोय तेव्हाही होती. मी विचारलंच नाही. तिसरी सगळ्यात महागात पडली. पेन्शनचे पैसे काढले की तेवढी सेवा पुसली जाते.

पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षापासून मिळते. माझी त्या वेळी पावणेचार वर्षं झाली होती. त्यानंतरच्या नोकरीत सहा वर्षं भरली. पैसे काढले नसते तर आज दहाच्या दारात असतो. आता सहावर आहे. दहा वर्षांवर पेन्शन किती? १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे २,१४३ रुपये. रक्कम फार नाही, मान्य. पण यंत्रमागावरच्या माणसाच्या घरात म्हातारपणी दर महिन्याला येणारे दोन हजार म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. शिवाय सभासद नोकरीत असताना वारला, तर एका महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी बायकोला आणि लहान मुलांना पेन्शन मिळते. सोबत सात लाखांपर्यंतचा विमा असतो, त्याचा हप्ता कंपनी भरते. नोकरी बदलली तर खातं ट्रान्सफर करा. यूएएन नंबर एकच राहतो.

आता व्याजाचा प्रश्न, कारण तो इथे कुणीतरी विचारणारच. सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफवर मिळणारी वाढ घ्यायला हरकत नाही, असं आपल्याकडच्या अनेक उलेमांचं मत आहे. स्वतःहून जास्त रक्कम कापून घेण्याबद्दल ते सावध राहायला सांगतात. तुमचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना विचारा, पण सही करायच्या आधी विचारा. बेसिक १५,००० च्या वर असेल आणि आधी कधी पीएफ नसेल, तर रुजू होताना नको म्हणता येतं. एचआरवाला फॉर्म ११ पुढे सरकवतो, "हातात जास्त येतील" म्हणतो, आणि पोरगं सही करतं. कंपनीचा वाटाही त्या सहीबरोबर जाऊ शकतो, हे कुणी बोलत नाही.

कराचं थोडक्यात. जुन्या पद्धतीत तुमचा पीएफचा वाटा दीड लाखाच्या वजावटीत बसतो. नव्या पद्धतीत ती वजावट नाही, पण कंपनीचा १२ टक्क्यांपर्यंतचा वाटा दोन्हींत करमुक्त आहे. तुम्ही काही सांगितलं नाही तर नवीच पद्धत लागू होते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. पंचवीस-तीस हजार पगाराच्या पोराला कर मुळात बसतच नाही. तरी फेब्रुवारी आला की कुणाचा तरी मामू "टॅक्स वाचेल" म्हणत पॉलिसी घेऊन दारात हजर. विमा हवा असेल तर घ्या, पण जो कर नाहीच तो वाचवायला घेऊ नका.

शेवटचं, आपलं खास दुखणं, नाव. माझ्या दहावीच्या दाखल्यावर 'महंमद', आधारवर 'मोहम्मद' आणि कंपनीच्या कागदावर 'एमडी'. अम्मी म्हणाली, डॉक्टर कधी झालास? हसलो, पण त्या एका नावापायी माझा अर्ज दोनदा परत आला. पैशांची गरज पडायच्या आधीच आधार, पॅन आणि पीएफवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. लग्न झालं असेल तर नॉमिनीही नव्याने भरा, लग्नाआधीचं नामनिर्देशन चालत नाही.

आणि पासबुक बघा. कापलेले पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात जमा नाही, असं दिसलं तर दोन्हींच्या प्रती ठेवा आणि पीएफ कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करा.

चहा यायला दहा मिनिटं आहेत. मोबाइल काढा, उमंग अ‍ॅप उघडा. ज्यांना यूएएन माहीत नाही त्यांनी या टेबलाजवळ या, आणि येताना आधार कार्ड घेऊन या.