डबा आणि पायवाट
(हीरक महोत्सवी सोहळ्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहसंकेतांत हेतुतः ठेवलेली अशुद्धता दूर केली आणि जीपीएस सर्वसामान्यांसाठी अचूक झाले. त्याच आठवड्यात ओरेगॉन राज्यात एकाने रानात डबा ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. 'जिओकॅशिंग' हा खेळ असा जन्मला. डबा शोधावा, आतील वहीत नाव लिहावे, डबा होता तसा परत ठेवावा.

शिकागोस शिकत असताना तेथील राखीव वनात मी हा खेळ खेळलो. युरोपातून आलेल्या बकथॉर्न झुडपांनी तेथील ओक वृक्षांखालचा उजेड हिरावला होता. शिकागो नदीच्या उत्तर शाखेकाठी १९७७ पासून स्वयंसेवक अशी झुडपे तोडून स्थानिक गवताफुलांचे बी पेरीत आले आहेत. मी मात्र पायवाट सोडून, यंत्रातील बाणावर डोळे खिळवून सरळ निघालो. डबा सापडला. मागे वळून पाहतो तो कोवळी रोपे माझ्या बुटांखाली चिरडलेली! एक वृद्ध स्वयंसेविका शांतपणे म्हणाल्या, "हे बी आम्ही हातांनी वेचले होते."

त्या वहीत नाव लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत बी वेचावयास गेलो.

साठ वर्षांपूर्वी या परप्रांतात आपल्या पूर्वसुरींनी मराठीचे बी असेच हातांनी पेरले. मित्रहो, आपापला डबा शोधावयास अवश्य निघा. मात्र पायाखाली कोणाचे श्रम उगवत आहेत, तेही पाहत चला.