सर्पगंधाची मुळी आणि 'सापडू नये' अशी पेशी

आजच्या भागात कोड नाही, ॲप नाही. आज आहे एक वाळलेली मुळी, सर्पगंधाची. आणि प्रश्न एकच: ही सर्पगंधाचीच आहे, हे कशावरून?

आता म्हणाल, एवढं काय त्यात? तर ऐका. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहिला आणि उच्च रक्तदाबावरचा सर्पगंधाचा उपयोग जगासमोर आला. १९५२ मध्ये या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रेसर्पिन रक्तदाब खरोखर उतरवतं. पण त्यातून नैराश्यही येऊ शकतं. म्हणजे इथे मात्रा चुकली तर भोगणारा माणूस असतो.

आता बाजाराकडे बघा. मुळी हवी तर बहुतेक वेळा अख्खं रोप उपटावं लागतं. जंगलातली सर्पगंधा त्यामुळे इतकी कमी झाली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'सायटिस' कराराचं नियंत्रण आहे. माल कमी, मागणी जास्त, मग भेसळ आलीच. तिची एक जवळची नातेवाईक आहे, राऊल्फिया टेट्राफायला. मूळची उष्ण अमेरिकेतली, आता आपल्याकडेही रुजलेली. मुळी वाळवून तुकडे केले की नुसत्या डोळ्यांना फरक कळणं कठीण. औषधी द्रव्यं तिच्यातही असतात, पण त्यांचं प्रमाण वेगळं.

माझी धाकटी बहीण एम. फार्म. करते. तिच्यामुळे मला ही तपासणी बघायला मिळाली. मुळीचा तुकडा पाण्यात भिजवायचा. मऊ झाला की ब्लेडने आडवे छेद घ्यायचे, इतके पातळ की प्रकाश आरपार जावा. त्यातला सगळ्यात पातळ छेद निवडून काचपट्टीवर ठेवायचा.

बाहेरून आत येऊ. सगळ्यात वर बूच, म्हणजे कॉर्क. सर्पगंधात त्याचे थर पडलेले दिसतात: लहान पेशींचा पट्टा, मग मोठ्या पेशींचा, पुन्हा लहान. टेट्राफायलाचं बूच असं पट्ट्यापट्ट्यांचं नसतं, एकसारखं असतं. बुचाच्या आत सालीच्या पेशी, पिष्टकणांनी भरलेल्या. आयोडीनचा थेंब टाकला की निळ्या-काळ्या होतात. औषधी द्रव्यं मुख्यतः या सालीतच असतात, त्यामुळे साल झडलेली मुळी कमी दर्जाची. मधोमध लाकडी भाग, शाळेत शिकलेल्या जलवाहिन्यांचा. तिथे मऊ गर दिसला तर समजा, खोडाचा तुकडा मिसळलाय.

आता खरी गंमत. सर्पगंधाच्या मुळीच्या सालीत दगडपेशी नसतात. दगडपेशी म्हणजे जाड, कठीण भिंतीच्या पेशी. पेरू खाताना दाताखाली जे रवाळ लागतं ना, त्या याच. टेट्राफायलाच्या मुळीत त्या भरपूर असतात. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की त्यांच्या भिंती लालभडक होतात. लाकडी भागही लाल होतो, म्हणून रंगाबरोबर पेशीचा आकार आणि जागा बघायची.

मला हे फार आवडलं, कारण आमच्याकडच्या टेस्टिंगसारखंच आहे. काय असायला हवं हे तपासतोच, पण काय अजिबात असू नये हेही तपासतो. आणि मुळी दळून चूर्ण केलं तरी ही टेस्ट चालते! दळल्यावर छेद घेता येत नाही, थर मोडतात, पण दगडपेशी इतकी टणक की तिचे तुकडेही ओळखू येतात. सर्पगंधाच्या चूर्णात त्या दिसल्या तर त्यात दुसरं काहीतरी आहे. चूर्णात नाव लपवता येतं, पेशी लपवता येत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. सूक्ष्मदर्शक सांगतो, मुळी कुणाची. रेसर्पिन किती, ते नाही सांगत. त्यासाठी वेगळी रासायनिक चाचणी लागते. ओळख आधी, मोजमाप नंतर. चुकीच्या मुळीचं अचूक मोजमाप करून काय उपयोग?

म्हणून घरी कुणी 'बीपीवर नैसर्गिक आहे, काही होत नाही' म्हणत सर्पगंधाचं सुटं चूर्ण घेत असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना ते सुरू करा, ना चालू गोळी बंद करा.

आज इतकंच. तुमच्या घरात कुठली मुळी वापरतात ते कळवा, एखादीवर पुढे बोलू. भेटू पुढच्या भागात!