शंभर टक्क्यांच्या वरचा आकडा



आपलं अधिवेशन गडमुडशिंगीत भरतंय, याचा मला विशेष आनंद आहे. गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना याच गावात. जनावराच्या पोटात किती प्रथिन जायला हवं, याचा विचार इथे रोजचा. पोटात गेल्यावर ते प्रथिन तोडतं कोण, हा आपला विषय.

प्राण्याच्या ऊतीतून प्रथिनपाचक विकर वेगळं काढणाऱ्या विद्यार्थ्याचा सगळा जीव जेलवरच्या एका पट्ट्यात अडकलेला असतो. पट्टा दिसला की काम झालं! मी मात्र आधी शुद्धीकरणाचा तक्ता मागतो.

बकऱ्याचं स्वादुपिंड घ्या. खाटकाकडून आणताना ते बर्फातच हवं, कारण त्यातली विकरं जागी झाली की आजूबाजूची प्रथिनं आणि एकमेकांनाही तोडू लागतात. चरबी काढून, बारीक करून ते थंड, सौम्य सल्फ्युरिक आम्लात कालवायचं. आपल्याला हवं असलेलं प्रथिनपाचक विकर, ट्रिप्सिन, आम्लात टिकतं, पण काम करत नाही. मग बर्फावर ठेवलेल्या अर्कात अमोनियम सल्फेट चिमटी-चिमटीनं घालायचं, हळूहळू ढवळत. घाई केली तर फेस येतो आणि प्रथिन बिघडतं. थोड्या वेळानं अर्क दुधाळ होतो. इथून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर दोन मोजमापं: प्रथिन किती उरलं आणि केसीन तोडण्याची ताकद किती उरली.

समजा, मूळ अर्कात ५०० मिलिग्रॅम प्रथिन आणि १००० एकक क्रियाशीलता आहे. अमोनियम सल्फेटच्या टप्प्यानंतर १०० मिलिग्रॅम आणि ८०० एकक उरले. म्हणजे मिलिग्रॅममागे २ ऐवजी ८ एकक: शुद्धता चौपट, उतारा ८० टक्के. पण कधी उतारा १३० टक्के येतो. विद्यार्थी घाबरतो आणि तो आकडा खोडतो. तो खोडू नका! मोजणी पुन्हा करा. तरीही आकडा तोच आला, तर विकराला अडवणारं काहीतरी मागच्या टप्प्यात निघून गेलेलं असू शकतं. किंवा निष्क्रिय ट्रिप्सिनोजेनचं ट्रिप्सिन झालेलं असू शकतं.

या दोन्ही शक्यता नुसता अंदाज नाहीत. जैवरसायनशास्त्रज्ञ नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक मिळवले. पुढे १९३६ मध्ये कुनिट्झ यांच्याबरोबर त्यांनी गाईबैलांच्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिनोजेन, ट्रिप्सिन आणि त्याला रोखणारं प्रथिनही स्फटिकरूपात वेगळं केलं. कापणारा आणि त्याला आवरणारा एकाच ऊतीत!

आपल्याकडे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात कडधान्यांतले ट्रिप्सिनरोधक अभ्यासले. सोयाबीनमध्येही असे रोधक असतात, म्हणून त्याची पेंड कोंबड्यांना आणि लहान वासरांना देण्याआधी उष्णतेनं नीट शिजलेली असावी लागते. रोधकाचा प्रश्न असा थेट गोठ्यापर्यंत येतो.

विकराची ओळख पटवतानाही घाई नको. ते सामू ८ च्या आसपास काम करतं म्हणून लगेच ट्रिप्सिन म्हणू नका. पीएमएसएफनं थांबतं का? ईडीटीएनं थांबतं का? आर्जिनिन-लायसिनच्या जागीच कापतं का? रेणुभार २३-२४ हजारांच्या जवळ आहे का? ही उत्तरं ट्रिप्सिनशी जुळली, तरच ते नाव द्या.

आज दुपारच्या सत्रात जे निबंध वाचले जातील, त्यांच्या लेखकांना माझी विनंती आहे: जेलचं चित्र दाखवण्याआधी तक्ता फळ्यावर मांडा, आणि त्यात न जुळणारा आकडा असेल तर सुरुवात त्याच्यापासून करा.