वाघाच्या मावशीचे ताट

मांजर डोळे मिटून दूध पिते, अशी आपल्याकडे म्हण आहे. श्रोतेहो, अलीकडे मला वाटू लागले आहे की, डोळे मांजराने नव्हे, तर दूध वाढणाऱ्याने मिटलेले असतात. हे मी कोणाला हिणवण्यासाठी म्हणत नाही. तसे वाढणाऱ्यांपैकी मी स्वतःही एक होतो.

आमच्या पुण्यातील जुन्या वाड्यात ठकी नावाची मांजरी होती. घर शुद्ध शाकाहारी. दोन्ही वेळा तिच्या थाळीत दूधभात पडे आणि त्यावर ती सोळा वर्षे ठणठणीत जगली, असा आमचा समज होता. वाडा पाडला गेला, तेव्हा तिच्या नातवंडांपैकी एक पिल्लू घेऊन आम्ही तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास गेलो. दूधभाताची परंपरा तशीच चालू राहिली. चार वर्षांनी आमची मनी खुर्चीच्या पायांना धडकू लागली. भर उन्हातही तिच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसत. पशुवैद्यांनी डोळे तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, "हिला खायला काय घालता?" उत्तर देताना माझा आवाज जरा खाली आला.

मांजर हा नुसता मांसाहारी प्राणी नव्हे, तर मांसावाचून ज्याचे चालतच नाही असा प्राणी आहे. कुत्रा माणसाच्या संगतीत भाकरीवर निभावतो. मांजराने ती विद्या कधी घेतलीच नाही. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, मांजराचे करू शकत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला पुरेसे घडवता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. मांसात आणि मासळीत ते असते; धान्यात जवळजवळ नसते, दुधात अगदी थोडे. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो, हे 1975 साली सिद्ध झाले. हृदयाचा स्नायूही सैल पडून फुगतो, हे 1987 साली उमगले. हृदय वेळीच उपचार केल्यास पुष्कळदा सावरते. डोळ्यांचा गेलेला पडदा परत येत नाही.

मग ठकीचे काय? तिचे खरे जेवण आमच्या थाळीत नव्हतेच. ते माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे आणि शेजारच्या वखारीत रात्री होत असे. दूधभात ही केवळ तोंडी लावण्याची वस्तू होती आणि श्रेय मात्र आम्ही घेत होतो! एका उंदरातून सुमारे तीस कॅलरी मिळतात. चार किलो वजनाच्या घरबैठ्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे लागतात. म्हणजे सात-आठ उंदरांचा हिशेब झाला. उंदीर म्हणजे निव्वळ मांसही नव्हे. त्यात हाडांचा चुना आहे, काळीज आहे, आणि दोनतृतीयांश पाणी आहे. सदनिकेत हे सारे आपणच पुरवावयाचे असते, आणि खरी मेख इथेच आहे.

नुसते कोंबडीचे मांस उकडून घातले की झाले, असे नाही. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प, त्यामुळे वाढत्या पिलांची हाडे ठिसूळ होतात. उकडलेले पाणी फेकून दिले, तर त्याबरोबर टॉरिनही वाहून जाते. कोकणातील मंडळी म्हणतील, "आमच्या मांजरांना मासळीची काय वाण?" पण काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते; तेव्हा मासळी शिजवून, काटे काढून आणि अधूनमधूनच द्यावी. आपल्या पानातला मसालेदार रस्सा तर मुळीच नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून घरी रांधावयाचे असेल, तर पशुवैद्यांकडून प्रमाण लिहून घ्यावे. ते जमत नसेल, तर वेष्टनावर मांजराचे संपूर्ण अन्न असे नमूद केलेले तयार अन्न बरे. कुत्र्याचे अन्न मात्र मांजराला चालत नाही.

पाण्याविषयी एक शब्द. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले, त्यामुळे त्याला तहान कमी. केवळ कोरड्या दाण्यांवर ठेवलेल्या बोक्याची लघवी अडण्याचे भय असते, आणि ती अडली तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. ओले अन्न द्यावे, निदान काही वाटा तरी. आणि बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. "भूक लागली की खाईल" हा हट्ट नको. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतावर चरबी चढते.

आमच्या घरी पंचाईत होती ती आईची. तिच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. "अंडे चालेल का रे?" तिने विचारले. मी म्हणालो, "आई, अंड्यातही ते द्रव्य नसल्यासारखेच." ती बराच वेळ गप्प राहिली. मनी तिच्या पायाशी चाचपडत होती. दुसऱ्या दिवशी गॅलरीत एक जुना स्टोव्ह, एक पातेले आणि एक डाव वेगळा मांडलेला दिसला. रांधण्याचे काम माझ्याकडे आले. वाढण्याचे मात्र आईने सोडले नाही. ती थाळी रोज त्याच फरशीवर ठेवते आणि चमच्याने दोनदा वाजवते. मनी भिंतीच्या कडेकडेने बरोबर तेथे येते.