छाट कोणी ठरवायची?

दिघोरीत जमलेल्या माझ्या तरुण भावा-बहिणींनो,

तुमच्यापैकी कोणी नागपुरात कॉल सेंटरला आहे, कोणी पुण्यात कंपनीत लागलंय, कोणी वरठी-गडेगावच्या कारखान्यात जायची तयारी करतंय. मार्च जवळ आला की तुमच्या तोंडी एकच शब्द असतो: अप्रेझल. शब्द नवा आहे. प्रकार मात्र आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बायांना जुना माहीत आहे. त्या त्याला छाट म्हणतात.

माझी नानी बिडी वळायची. ठेकेदाराकडून तेंदूपान, तंबाखू, सूत आणायचं, पान भिजवायचं, कापायचं, वळायचं, मोजून परत द्यायचं. मजुरी हजारामागे. मोजणारा मुठीनं बिड्या बाजूला टाकायचा. ही ढिली, ही वाकडी. ती छाट. तिचे पैसे नाहीत. पानच किडकं मिळालं होतं, हे सांगायला जागा नव्हती. घरी येऊन नानी एवढंच म्हणायची, "आज हात बिघडला." हात बिघडला नव्हता. माप दुसऱ्याच्या हातात होतं.

1966 मध्ये बिडी व सिगार कामगारांसाठी कायदा झाला. त्याच्या कलम 39 मध्ये तीन वाद नावानिशी आले: कच्च्या मालाचा, छाटीचा आणि छाटलेल्या मालाच्या मजुरीचा. हे वाद मालकानं नव्हे, नेमलेल्या अधिकाऱ्यानं झटपट सोडवायचे, असं ठरलं. नानीच्या ओसरीपर्यंत तो कायदा कधी आला नाही. पण अप्रेझलच्या खोलीत विचारायचे तीन प्रश्न त्यात आहेत.

पहिला, कच्चा माल. टार्गेट दिलं तेव्हा ट्रेनिंग, वेळ, माणसं दिली का? हा प्रश्न मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्ये विचारायचा. तोंडी नाही, ईमेलवर.

दुसरा, छाट. कमी रेटिंग कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेच्या? "तुझा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही" हे कारण नव्हे. नम्रपणे उदाहरण मागा. उदाहरण खरं निघालं तर चूक मान्य करा आणि सुधारा.

तिसरा, मजुरी आणि दाद. या रेटिंगनं माझी किती पगारवाढ गेली, आणि पटलं नाही तर अर्ज कोणाकडे करायचा?

मोठ्या कंपन्याही इथे चुकल्या आहेत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात दरवर्षी तळाचे 10 टक्के लोक वेगळे काढायची पद्धत होती. मायक्रोसॉफ्टमध्येही ठरलेल्या प्रमाणात क्रमवारी लावत. 2013 मध्ये त्यांनी ती सोडली. बिड्या बघण्याआधीच छाट किती काढायची ते ठरवण्यासारखंच ते होतं.

आपल्याशी भेदभाव होतो, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. होतो, नाही असं नाही. पण ज्याच्याजवळ लेखी काही नाही, त्याला तो दाखवता येत नाही. म्हणून एक वही ठेवा. दर शुक्रवारी पाच ओळी: काय केलं, कधी दिलं, कोण काय म्हणालं.

आता आरसा आपल्याकडे. आपली गॅरेजं, शिलाईची दुकानं, वेल्डिंगची शेडं बघा. दहा वर्षांचं काम येऊनही पोरगा "छोटू"च असतो. तो मिस्त्री कधी होणार, पगार कधी वाढणार, कोणीच सांगत नाही. मालकाचा भाचा मात्र सहा महिन्यांत गल्ल्यावर बसतो. स्वतः घेताना पुरं माप आणि देताना कमी, अशा लोकांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. ती फक्त तराजूवाल्यासाठी आहे असं समजू नका.

अजानचे शब्द स्वप्नात अब्दुल्लाह बिन झैद (रजि.) यांना कळले. पण पैगंबर (स.) यांनी ते हजरत बिलाल (रजि.) यांना शिकवायला सांगितले, कारण त्यांचा आवाज चांगला होता. बिलाल गुलामीतून सुटलेले होते. पाहिलं गेलं ते गुणाकडे, घराण्याकडे नाही. माणसातला गुण ओळखून त्याला काम देणं म्हणतात ते हेच.

नानीनं मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलींना बिडी वळायला शिकवलं. हिला शिकवता येतं, हिच्याकडे आणखी काही काम द्यावं, हे कोणाच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर तिचे फक्त हजार मोजले गेले.

उद्या तुम्ही टीम लीडर व्हाल, दुकान टाकाल. मोजायची पाळी तुमची येईल. तेव्हा माप आधी सांगा, छाटीचं कारण द्या, आणि समोरच्याला आणखी काय येतं ते विचारा. अल्लाह आपल्याला मापात खरं राहण्याची तौफीक देवो. आमीन.