बुधवारवाड्याची राख



पुण्यात आलेला पाहुणा शनिवारवाडा पाहून परततो, पण वाडा त्याने पाहिलेला नसतोच. तट, दिल्ली दरवाजा, आतील जोती आणि कारंज्यांच्या खुणा, एवढेच तेथे उरले आहे. १० जानेवारी १७३० रोजी ज्याची पायाभरणी झाली, ती मूळ वास्तू फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत भस्मसात झाली. तिच्याविषयी पुणेकर आजही हळहळतो. बुधवारवाडा मात्र तो साफ विसरला आहे.

बुधवारवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. १८१८ मध्ये मराठी राज्य बुडाले आणि वाडा सरकारजमा झाला. जेथे पेशव्यांचा वावर होता तेथे कचेऱ्या आल्या. पुढे एक चांगली गोष्टही तेथे नांदली. १८४८ मध्ये स्थापन झालेले ग्रंथालय, म्हणजेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर, याच वाड्यात होते. राज्य गेलेल्या शहराने ग्रंथांच्या आधाराने पुन्हा उभे राहण्याचा तो प्रयत्न होता.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही पेटले. ग्रंथसंग्रह जळाला. तेव्हा वासुदेव बळवंत फडके यांचे बंड ऐन भरात होते. साहजिकच सरकारला या ज्वाळांत राजद्रोह दिसला. न्यायमूर्ती रानडे यांच्यावरही संशयाची छाया पडली आणि त्यांना धुळ्यास धाडण्यात आले. चौकशीअंती निघाले काय? सरकारी पुस्तक-भांडारातील एका कारकुनाने हिशेबातील अफरातफर झाकण्यासाठी आग लावली होती! ना बंड, ना परचक्र; एका क्षुद्र माणसाच्या काही रुपयांपायी पेशव्यांचा वाडा गेला.

विश्रामबागवाडा सावरला. लोकवर्गणीचा हात लागला, जळालेला दर्शनी भाग पुन्हा उभारला गेला, म्हणून तो आज आपण पाहू शकतो. बुधवारवाडा पुन्हा उभा राहिला नाही.

हा इतिहास आज उगाळायचा तो अशासाठी, की पेठांतील उरलेले वाडेही शत्रूच्या हातून जात नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, नदीकाठचे कित्येक वाडे वाहून गेले. ती आपत्ती होती. पण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. हातात पडणाऱ्या भाड्यात कौलेही शाकारता येईनात. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने आपली म्हणून वास्तू कधी जपली नाही, भाऊबंदांच्या वाटण्या न्यायालयात अडकल्या. शेवटी बांधकाम व्यावसायिक दारात उभा राहिला तेव्हा सर्वांनाच सुटल्यासारखे वाटले. यात कोणा एकाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. गळक्या माडीत, सामाईक शौचालयाच्या रांगेत आयुष्य काढलेल्या गृहिणीला वारशाचे व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यावे?

प्रत्येक वाडा वाचणार नाही, हे मान्य करूनच चालावे लागेल. मात्र पाडण्यापूर्वी त्याचा नकाशा काढता येतो. चौकाची, देवघराची, कोरीव खांबांची छायाचित्रे घेता येतात. माळ्यावरच्या पेटाऱ्यात मोडी कागद सापडले तर ते रद्दीत घालण्याआधी भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवता येतात. १९१० पासून मंडळ हेच काम करीत आले आहे. आपल्या आळीत पुढच्या महिन्यात कोणता वाडा उतरवला जाणार आहे, एवढी चौकशी आज घरी जाताना करावी.