पोटांतील मोकळी हवा

यवतमाळ जिल्ह्यांत, वणीच्या दक्षिणेस, मुकुटबन नांवाचें गांव आहे. कपाशीचा, चुनखडीचा आणि दगडी कोळशाचा हा मुलूख. अशा गांवीं एखाद्या शेतकऱ्याच्या पोटांत सुरी खुपसल्यासारखी कळ एकाएकीं उठते, पोट फळीसारखें ताठ होतें, आणि 'वायु धरला असेल' म्हणून घरांतील वडील मंडळी एरंडेलाची बाटली काढतात, अशी कल्पना करा. त्या घटकेस एकच प्रश्न महत्त्वाचा असतो : हा वायु आतड्याच्या आंत आहे कीं बाहेर?

आतड्याच्या आंत हवा असणें हा निसर्गक्रमच होय. ती बाहेर, उदराच्या पोकळींत आढळली, तर जठराजवळील व्रण फुटला किंवा विषमज्वरानें आतड्यास छिद्र पडलें, असें बहुधा समजावें. त्याच छिद्रांतून आम्ल व मळ बाहेर सांडत असतो, आणि प्रत्येक तासागणिक धोका वाढतो.

ही हवा हातास लागत नाहीं; परंतु राँटगेन यांनीं १८९५ सालीं शोधलेल्या क्ष-किरणांस ती दिसते. युक्ति साधी आहे. बुधली उभी धरली कीं बुडबुडा वर चढतो. तद्वत् रोग्यास कांहीं मिनिटें बसवून छातीचें चित्र घेतलें, तर यकृत आणि छातीपोटांमधील पडदा यांच्यामध्यें काळी चंद्रकोर उमटते. काळजीपूर्वक घेतलेल्या चित्रांत अवघी १ घन सेंटिमीटर हवाही ओळखतां येते. उताणें निजवून घेतलेल्या चित्रांत मात्र ती पसरते व सहज निसटते. ज्यास बसवत नाहीं, त्यास डाव्या कुशीवर निजवून किरण जमिनीस समांतर सोडावे लागतात.

कुत्र्यासही हीच रीत लागू पडते. डावी कूस अशासाठीं कीं, त्याच्या जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. तो वर आला तर त्यांतील नेहमींचीच हवा मोकळी भासून फसगत होते. गाईबैलांचें काम अधिक बिकट. वैरणींतून गेलेली तार त्यांच्या जाळीदार कोठ्यास भोंसकते. पण एवढ्या देहाच्या पार पाहणारें यंत्र मोठ्या पशुवैद्यकीय रुग्णालयांतच सांपडावयाचें.

चंद्रकोर दिसली म्हणजे छिद्र आहेच, असेंही नव्हे. शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवस हवा पोटांत राहते. आणि क्वचित् मोठें आतडेंच यकृतावर चढून बसतें, हें किलायडिटी यांनीं १९१० सालीं दाखविलें. उलटपक्षीं, चंद्रकोर न दिसली म्हणून निर्धास्त राहणें अधिक घातक. कारण छिद्र असूनही कित्येकांच्या चित्रांत ती उमटत नाहीं. अशा वेळीं आज सी. टी. चित्राचा आधार घेतात.

यंत्र शहरांत असतें, कळ मात्र गांवांत उठते. म्हणून एकाएकीं उठलेली कळ आणि ताठलेलें पोट दिसतांच एरंडेल देऊं नये, अन्नपाणी देऊं नये, आणि रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहूं नये. रोग्यास गाडींत घालणें, हाच घरच्या मंडळींचा पहिला उपचार होय.